अप्पांची परखी आणि माझं लिव्हर

आमच्या अप्पांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नाही, तरी त्यांचं लिव्हर कामातून गेलं. आमच्या गावच्या, आळंदच्या बाजारात हे कुणालाच पटलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी आईकडे बघून हळहळायचा आणि मग अप्पांना डोळ्यांनीच विचारायचा, किती वर्षं लपवलंत? जुनी कावीळ आतल्या आत मुरली होती, असं डॉक्टरांचं म्हणणं. पण कावीळ म्हणजे फारच मिळमिळीत कारण, लोकांना त्यात मजा येईना.

लिव्हर बदलावं लागेल आणि घरातल्याच कुणीतरी अर्धं द्यावं, असं हैदराबादला सांगितलं. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, छाती काढून पुढे झाला. तपासणीत त्याच्या लिव्हरवर चरबी निघाली. रोज संध्याकाळी गाड्यावर उभं राहून खाल्लेली मिरची भजी सगळी तिथं जमा झाली होती. आईला शुगर. उरले मी: वय छत्तीस, हायस्कुलात विज्ञानाची बाई, एका सिझेरियनचा अनुभव गाठीशी. माझं जुळलं. वर्गात मी त्याला यकृत म्हणते आणि कापलं तरी पुन्हा वाढतं, हे फळ्यावर आकृती काढून शिकवते. स्वतःचं कापायची वेळ आल्यावर त्या आकृतीवरचा माझा विश्वास जरा डळमळला.

त्यात अप्पा लेकीचं काही घ्यायला तयार नव्हते. माझ्या सासरी आले की आधी केळ्यांचा घड पुढे ठेवतील, मगच चहाच्या कपाला हात लावतील, असा हा माणूस. अर्धं लिव्हर घेऊन त्या बदल्यात किती घड आणायचे, हा त्यांच्यापुढे खरोखरीचा प्रश्न होता. शेवटी आईनं त्यांच्याशी बोलणं बंद केलं. लग्नानंतर पहिल्यांदाच लाभलेली ती शांतता त्यांना आठवडाभरसुद्धा सोसली नाही.

मग सर्जननी अप्पा, आई आणि मला समोर बसवून माझ्यासाठीचे दोन मार्ग सांगितले. एकात बरगड्यांखाली मोठा छेद घ्यायचा. सगळं उघड्यावर, हात घालून काम करता येतं, पण दुखणं जास्त आणि अंथरूण लांबतं. दुसऱ्यात पोटात हवा भरायची, लहान लहान भोकं पाडायची, कॅमेरा आत सोडायचा आणि पडद्यावर बघत कापायचं. कापलेला भाग पिशवीत घालून ओटीपोटातून काढायचा, माझ्या जुन्या सिझेरियनच्या टाक्यातूनच. यात माणूस लवकर उठतो. पण वेळ जास्त लागतो, हात सरावलेला लागतो आणि रक्त आवरेनासं झालं तर तिथल्या तिथं पोट उघडावंच लागतं. त्यांना दोन्हींचा सराव होता. माझ्या आतल्या रक्तवाहिन्या सरळ असल्यानं भोकांनी जमेल, पण ठरवायचं मी, असं ते म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत अप्पांनी उघडलं. त्यांचं अडत दुकान आहे, तुरीचं. पोत्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ सळई, खुपसायची आणि तिच्यातून आलेली मूठभर तूर बघून भाव बोलायचा, हा बाजाराचा रिवाज. एकदा कुणीतरी पोत्याच्या कडेनं चांगली तूर आणि मधोमध मातीचे खडे भरले होते. परखीनं कडेची तूर दाखवली आणि अप्पा फसले. तेव्हापासून परखी मारून झाली तरी ते पोत्याचं तोंड सोडायला लावतात. आता हैदराबादच्या सर्जनपुढे बसून ते आपल्या दखनी हिंदीत त्यांना तुरीचा व्यापार शिकवू लागले. परखीवर माल घेऊ नये, तोंड सोडून बघावं, असा त्यांचा निकाल. कॅमेऱ्यात डोळ्यांपेक्षा मोठं दिसतं, असं सर्जननी हसत सांगितलं. अप्पा हसले नाहीत.

लॉजवर आल्यावर माझा तोल गेला. पोट माझं, शाळेत दिवसभर उभी मी राहायची, घरी आठ वर्षांची पोरगी माझी, आणि ह्यांना काळजी कसली, तर भोकातून येणारं लिव्हर मापात कमी भरेल याची. हे मी त्यांना जसंच्या तसं ऐकवलं. अप्पा खाटेवर बसले होते. डोळे हळदीसारखे पिवळे, पाय सुजलेले.

"मला माल बघायचा न्हाई, बाई," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं बघायलोय तो. आत काय फाटलं तर तोंड सोडस्तोवर पोतं ऱ्हाईल का न्हाई, येवढंच इचारायलोय."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. बाहेर आल्यावर त्यांना म्हटलं, हे तिथं सरळ विचारायला काय झालं होतं? त्यावर ते म्हणाले की परक्या माणसापुढं असलं वंगाळ बोलायचं न्हाई. तुरीविषयी वाटेल ते बोलता येतं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या वतीनं विचारलं. सर्जन या वेळी हसले नाहीत. उघडायची सगळी तयारी पहिलं भोक पाडायच्या आधी मांडलेली असते, आणि वेळ आली तर मी भोकांचाच हट्ट धरून बसत नाही, असं त्यांनी सांगितलं. अप्पांनी ते नीट ऐकून घेतलं आणि आपला शेवटचा प्रश्न टाकला, भोकं मिटवतं कोण? आमच्याकडे परखी काढली की पोत्याचे सुटलेले धागे अंगठ्यानं घासून जुळवतात, भोक नाहीसं होतं. तसंच टाकून पुढे जाणाऱ्याला अप्पा दुकानाची पायरी चढू देत नाहीत. मी स्वतः मिटवतो, सर्जन म्हणाले.

"मग करा," अप्पा म्हणाले.

उघडावं लागलं नाही. शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा खांदाच जास्त ठणकत होता, भरलेल्या हवेमुळं. लिव्हर टाक्यातून सुखरूप निघालं. पोरीला फोनवर सांगितलं की तू जिथून आलीस तिथूनच अप्पांचा तुकडा निघाला, तर तिनं विचारलं, मग अप्पाआजोबा आता माझे भाऊ का? अप्पांना मात्र मोठाच छेद होता, त्यांच्या बाबतीत दुसरा मार्गच नव्हता. आत्या आळंदहून बघायला आली. त्यांची लांबच लांब पट्टी बघून ती तृप्त झाली, आणि माझी भोकं बघून म्हणाली, येवढंच व्हय?

आठव्या दिवशी अप्पा मास्क लावून, नळ्या सांभाळत, आईच्या खांद्याला धरून माझ्या खाटेपाशी आले. डोळ्यांचा पिवळेपणा पुष्कळ उतरला होता. लेकीच्या पोटाकडे बघायचं नाही म्हणून ते चादरीच्या काठाकडे बघत बसले. तिकडेच बघत त्यांनी विचारलं, भोकं किती? टाका सोडून पाच, मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला आणि चादरीच्या काठावर अंगठा दाबून घासला. मग जरा बाजूला, पुन्हा तसाच. पाच झाल्यावर थांबले आणि आईला म्हणाले, चल.