समोरच्या दाराची कुलपं

आमच्या समोरच्या घरात एक माणूस एकटाच राहतो. ओझरच्या कारखान्यातली नोकरी संपवून आमच्या इंदिरानगरात राहायला आला. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. चपलांच्या कपाटालाही त्याचं कुलूप. "मावशी, जग चांगलं राहिलं नाही," हे त्याचं पालुपद. मला काही तो फारसा आवडत नाही.

माझी नात बाळंतपणात अडली. आदल्या दिवसापासून कळा, पण सुटका होईना. मी दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आले, तेव्हा जिन्यात त्याला सांगितलं, "बाई अडली की कुलपं उघडावीत, असं आई म्हणायची."

तो हसला. "कुलपांनी पोरं होतात का, मावशी?"

संध्याकाळी नातीला मुलगी झाली. पेढे घेऊन आले, तर त्याचं दार सताड उघडं, कपाटही उघडं. जुन्या सायकलच्या कुलपाची किल्ली हरवली होती, ते त्याने हातोडीने फोडलेलं. स्वतः दारात खुर्ची टाकून राखण करत बसलेला.

"हवा यावी म्हणून उघडलंय," तो म्हणाला.

"मुलगी झाली. लावा आता."

त्याने पेढा तोंडात टाकला, पण उठला नाही. "आधी दोघी घरी येऊ द्या. खात्री झाल्याशिवाय मी लावत नसतो."