भोक पाडलेली कडक भाकरी

मधोमध छिद्र पाडलेली ज्वारीची कडक भाकरी न मोडता काठीवर टांगता येते काय? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमच्या घराचा अख्खा वैशाख खर्ची पडला. प्रश्न आमच्या मुरुम गावात निर्माण झालेला नव्हता. तो स्वीडनहून आला होता, आणि माझ्यापर्यंत कसा पोहोचला हे आधी सांगितले नाही तर पुढचे सारे वेडेपणाचे वाटेल.

मी भूगोलाचा शिक्षक होतो. निवृत्त होईपर्यंत नववीच्या वर्गाला उत्तर युरोप शिकवला. मध्यरात्रीचा सूर्य समजावताना एका हातात चेंडू आणि दुसऱ्या हातात विजेरी घेऊन मी स्वतःभोवती फिरत असे. मुलांना गंमत वाटे, परीक्षेत उत्तरेही बरोबर येत. पण त्यांच्यापैकी कोणी तिकडे जाऊन पडताळा घेतला नव्हता, आणि मीही घेतला नव्हता. निवृत्तीनंतर हीच गोष्ट मनाला टोचू लागली. इतकी वर्षे जे सांगितले ते तिथल्या माणसाला मान्य होईल काय? शोधता शोधता मोबाइलवर एक चर्चामंच सापडला. स्वीडनच्या भाषेत, सणांत, खाण्यापिण्यात रस असलेली निरनिराळ्या देशांतली माणसे तिथे इंग्रजीतून एकमेकांना प्रश्न विचारत. मी सभासद झालो आणि पहिला प्रश्न टाकला: "उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तेव्हा कोंबडा केव्हा आरवतो?"

दोन दिवस कोणी उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी उत्तरेकडच्या एका बाईंनी लिहिले की त्यांच्या आजोळच्या कोंबड्या उजेड असला तरी ठरल्या वेळी खुराड्यात शिरत. कोंबडा मात्र वाटेल तेव्हा आरवे, आणि त्याचे कोणी ऐकत नसे. मला उत्तर आवडले. त्यात निरीक्षण होते.

या बाई मंचावर 'मुरमुर' या नावाने लिहीत. ते नाव नसून नाते आहे, हे मला नंतर समजले. त्यांच्या भाषेत 'मुर' म्हणजे आई आणि 'मुरमुर' म्हणजे आईची आई. वडिलांच्या आईला वेगळा शब्द आहे. आपण मामा आणि काका, मावशी आणि आत्या यांत भेद करतो, तसा तेही करतात. आजीच्या बाबतीत मात्र ते आपल्यापेक्षा एक पाऊल पुढे गेले आहेत. मी ही माहिती शेजारच्या अक्कांना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "मुरमुरे म्हणा की सरळ! नात कुरकुरली की आजी मुरमुरली."

अक्का म्हणजे आमच्या गल्लीतल्या कडक भाकरीच्या अधिकारी व्यक्ती. माहेर सीमेपलीकडचे, बोलणे अर्धे कानडी. त्यांची भाकरी कागदासारखी पातळ आणि इतकी कडक की हातात घेतली तर वाजते. महिना महिना टिकते. लग्नकार्यात त्यांच्या भाकरीची चळत पाहूनच पाहुणे घर कोणाचे ते ओळखतात.

एके दिवशी मुरमुर आजींनी मंचावर एक छायाचित्र टाकले. जुने लाकडी घर, छताखाली आडवी काठी, आणि तिच्यात ओवलेल्या वीस-पंचवीस गोल, सपाट, कडक पोळ्या. प्रत्येकीच्या मधोमध रुपयाच्या नाण्याहून बरेच मोठे छिद्र. राय नावाच्या धान्याच्या या पोळ्या पूर्वी वर्षातून दोनदाच भाजत आणि अशा टांगून ठेवत, म्हणजे उंदरांपासून सुटका आणि कोरडेपणाही राहतो. मी उत्साहाने लिहिले की आमच्याकडेही अशीच कडक भाकरी असते, फक्त छिद्र नसते. "धान्य कोणते?" असा त्यांचा प्रश्न आला. मी ज्वारी असे सांगितले. त्यांच्या भाषेत ज्वारीला 'दुर्रा' म्हणतात असे त्यांनी कळवले आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला: "त्यात गहू, राय किंवा जव काहीच नसते? नक्की?"

"काहीच नसते," मी लिहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांचे लांबलचक उत्तर आले. त्यांच्या सात वर्षांच्या नातीला गहू, राय आणि जव चालत नाहीत, पोटात गेले की ती आजारी पडते. दर उन्हाळ्यात सारे कुटुंब त्या जुन्या घरी जमते. मुले खुर्चीवर चढून काठीवरून आपापली पोळी काढतात, हाच त्या जेवणाचा मानाचा क्षण. नातीची पोळी मात्र दुकानातल्या पुड्यातून वेगळ्या ताटलीत येते. मागच्या वर्षी तिने विचारले होते, "माझी पोळी वर का नाही?" आणि ती जेवायलाच आली नव्हती. ज्वारीची पोळी काठीवर टांगता येईल काय, एवढेच आजींना जाणून घ्यायचे होते. मेळाव्याला दीड महिना होता.

इथे माझ्या हातून चूक घडली. मी लिहून टाकले, "अवश्य येईल."

तासाभरात मंचाच्या संचालकांची टीप आली. सभ्य, पण झोंबणारी. गव्हाला बांधून ठेवणारा चिकटपणा ज्वारीत नसतो, मग छिद्राभोवती ती तडकणार नाही हे आपण करून पाहिले आहे काय? नसेल तर एका लहान मुलीच्या घरच्यांना आशा लावू नये. आयुष्यभर मुलांच्या वहीत मी 'पुरावा?' असा शेरा लिहीत आलो, तोच शेरा आता माझ्या वहीत पडला होता. मी जाहीर कबुली दिली: करून पाहिलेले नाही, करून पाहतो.

माझ्या पत्नीने पहिल्या दिवशी सहकार्य केले. पीठ मळले, भाकरी थापली, आणि आजींनी कळवल्याप्रमाणे मी कच्च्या भाकरीच्या मध्यावर बाटलीचे टोपण दाबून छिद्र पाडले. तव्यावर टाकताच छिद्रापासून कडेपर्यंत पाच भेगा गेल्या, लहान मुलाने सूर्य काढावा तशा. दुसऱ्या दिवशी छिद्र लहान केले. भेगा तीन. तिसऱ्या दिवशी भाकरी जाड केली. भेगा गेल्या, पण मधला भाग मऊच राहिला आणि काठीवर अडकवताच भाकरी ओल्या फडक्यासारखी दोन्हीकडे लोंबली. मी प्रत्येक प्रयोगाची नोंद केली. चौथ्या दिवशी पत्नी म्हणाली, "अहो, नोंद खायची का आता? घरात एक धड भाकरी नाही. अक्कांना विचारा."

अक्का आधी तयार झाल्या नाहीत.

"बेडा, नको मास्तर. भोक पडलेली भाकरी माझ्या दारात वाळताना दिसली तर गल्ली काय म्हणंल? अक्काचा हात गेला म्हणंल."

"अक्का, हे मुद्दाम पाडलेले छिद्र आहे."

"ते तुमाला ठावं. बघणाऱ्याला भोक म्हंजी भोकच दिसतंय."

मी नातीची हकीकत सांगितली. सुपातले धान्य निवडणारा त्यांचा हात थांबला.

"लेकरू येगळं बसतंय व्हय जेवायला?"

"हो. सगळे वरून काढून घेतात आणि हिला खालून देतात."

"अय्यो. मग आधी का न्हाय बोललात? चार दिस माझ्यासंगं भूगोल बोलत बसलात."

त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या. मी माझी रीत करून दाखवली. टोपण कच्च्या भाकरीवर टेकवले मात्र, त्यांनी माझे मनगट धरले.

"थांबा! कान टोचायलासुदिक बारा दिस थांबत्यात माणसं. तुमी तर जन्माआधीच टोचाय लागलात! तिला तव्यावर पडू द्या, अंग धरू द्या. मग पाडा भोक."

"पण तिकडची पद्धत कच्च्या पोळीला छिद्र पाडण्याची आहे."

"ते राय का काय, ते त्यांचं पीठ. त्याला चिकटपणा हाय. जवारी मानी हाय. कच्चेपणी कुणी बोट लावलं की फाटती."

मी तीन दिवस ज्या सूचनेला प्रमाण मानून चाललो होतो, ती दुसऱ्या धान्याची सूचना होती. एका प्रदेशाचा नियम दुसऱ्या प्रदेशाला जसाच्या तसा लावू नये, हे मी वर्गात कितीदा बजावले असेल!

अक्कांनी पिठावर उकळते पाणी ओतले, झाकून ठेवले, मग काटवटीत रगडून मळले. भाकरी पातळ थापली. तव्यावर दोन्ही बाजूंनी रंग न बदलता नुसती आवळून आली, तेव्हा खाली घेतली. ती गरम आणि लवचीक असतानाच मी टोपण दाबले. छिद्र गोल आणि स्वच्छ निघाले. अक्कांनी ओले बोट त्याच्या कडेवरून एकदा फिरवले, भाकरी पुन्हा तव्यावर टाकली, आच अगदी मंद केली आणि फडक्याने दाबत, फिरवत तिला वाळवत नेले. वीस मिनिटांनी ती वाजू लागली. भेग एकही नाही.

"झालं," अक्का म्हणाल्या.

माझे मात्र तिथून सुरू झाले, कारण ही कृती हजारो मैलांवरच्या स्वयंपाकघरात पोहोचवायची होती.

"अक्का, पाणी किती घेतले?"

"लागंल तेवढं."

"म्हणजे किती?"

"पीठ मागंल तेवढं. मास्तर, पीठ बोलतंय, तुमी गप बसला तर ऐकू येईल."

शेवटी मी मापाचे भांडे घेऊन बसलो. त्यांनी हाताने ओतायचे आणि मी आधी व नंतर मोजायचे, असे सहा वेळा केले. चार वेळा माप जवळजवळ सारखेच आले. उरलेल्या दोन वेळा फरक पडला, कारण तेव्हा त्या पत्नीशी गप्पा मारत होत्या. छिद्रातून निघालेल्या चकत्या दोघींनी शेंगाच्या चटणीबरोबर तिथेच संपवल्या.

मग टांगण्याची परीक्षा. कपडे वाळत घालायची काठी धुऊन पुसून दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवी ठेवली आणि तिच्यात बारा भाकऱ्या ओवल्या. तितक्याच बिनछिद्राच्या भाकऱ्या तुलनेसाठी दुरडीत ठेवल्या. आल्यागेल्याला उत्तरे देता देता पुरेवाट झाली. "मास्तर, तोरण कशाचं? मुलगी दाखवायची हाय का भाकरीची?" पेपर टाकणारा तर रोज मोजून जाई. एकवीस दिवसांत काठीवरची एक भाकरी पडली, तीही माझा धक्का लागून.

मी कृती मंचावर लिहिली. एक धोक्याची सूचना आवर्जून जोडली: ज्या गिरणीत आधी गहू दळला असेल, त्या गिरणीतले पीठ या मुलीला चालणार नाही. पीठ खात्रीचे, बंद पुड्यातलेच घ्यावे. संचालकांनी खाली एकच शब्द लिहिला: "धन्यवाद."

मुरमुर आजींची पहिली भाकरी तुकडे तुकडे झाली. त्यांनी पाणी कोमट घेतले होते. मी अक्कांना सांगितले.

"कोमट? पोर न्हाऊ घालायचं हाय का तिला? चांगलं कढत घ्या म्हणावं. लिवा, आत्ताच लिवा."

मी लिहिले. त्यानंतर दहा दिवस मंचावर आजींचे काहीही आले नाही. मेळाव्याचा दिवस उलटून गेला. पत्नी रोज विचारी, अक्का न विचारता कुंपणापाशी रेंगाळत.

अकराव्या दिवशी छायाचित्र आले. तीच काठी, त्याच गडद पोळ्या, आणि त्यांच्यात तीन फिकट. खुर्चीवर चढलेल्या मुलीची पाठ तेवढी दिसत होती, दोन्ही हात वर. खाली आजींनी लिहिले होते की नातीने आपली पोळी स्वतः काढली. मावसभावाने एक तुकडा मागून खाल्ला आणि ही फार कोरडी आहे म्हणाला. त्यावर ती म्हणाली, "तुला आवडायची गरजच नाही. ही माझी आहे." आणि सर्वांबरोबर बसून जेवली.

मी हे अक्कांना वाचून दाखवले. त्यांनी छायाचित्र बोटांनी मोठे करून भाकऱ्यांच्या कडा निरखल्या. "कड जरा जाड राहिली," त्या म्हणाल्या. मग पदराने चष्मा पुसला. "पण कोरडी म्हणतोय ते पोरगं, खरंच हाय. संगं चटणी न्हाय दिली व्हय कुणी?"

आता प्रश्नाचे उत्तर. ज्वारीची छिद्र असलेली कडक भाकरी टांगता येते. अटी दोन: पीठ उकळत्या पाण्याने भिजवावे, आणि छिद्र पहिल्या भाजणीनंतर आणि वाळवण्याआधी, भाकरी गरम असताना पाडावे. छिद्रामुळे ती अधिक टिकते काय, याचे उत्तर मला देता येत नाही. एकवीस दिवसांनंतर काठीवरच्या आणि दुरडीतल्या भाकऱ्यांत मला फरक दिसला नाही, पण तो कोरडा वैशाख होता. पावसाळी हवेत काय होईल हे मी पाहिलेले नाही. मुरुममधले एक स्वयंपाकघर आणि स्वीडनमधले एक, एवढ्यावरून नियम ठरत नाही. तरी वाचकांनी केवळ माझ्या सांगण्यावर विसंबू नये. आपल्या तव्यावर, आपल्या पिठाची, आपल्या हवेत एक भाकरी करून पाहावी, आणि हे बरोबर आहे की नाही ते स्वतः तपासावे, ही विनंती.