सात वाजताची भिंत

मुलाची खोली रंगवायची ठरली तेव्हा सुनेने पुण्याहून फोनवर रंगांचे अकरा फोटो पाठवले. सगळे निळे, नाहीतर करडे. खाली लिहिलं होतं, "आई, कूल शेडच घ्या. खोली मोठी दिसते." पुढच्या महिन्यात दोघं आठवडाभर येऊन राहणार होती, ऑफिसचं काम त्याच खोलीत बसून करणार होती. लग्नाला दोन वर्षं झाली, पण सलग दोन रात्रींच्या वर ती कधी राहिली नव्हती. त्यामुळे आठवडा म्हटल्यावर मी छतसुद्धा निळं केलं असतं.

मला रंगांतलं काय कळतं म्हणा. माझं सगळं शिक्षण साडीच्या दुकानात झालेलं. चिंतामणी, आमसुली, डाळिंबी झोपेतही सांगेन. पण भिंतीलाही थंड आणि उष्ण प्रकृती असते, हे पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर मला पपई उष्ण आणि ताक थंड, एवढंच माहीत.

ह्यांना विचारलं. हे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असतात. पंचतारांकित ऐकून माझ्या मावसबहिणीला बरीच वर्षं ते हॉटेलात आहेत असंच वाटायचं. दुपारी डबा घेऊन जातात, येतात ते माझा डोळा लागल्यावर.

"आमच्यात मशिनपासनं बुटापतोर सगळं करडंच हाय," हे म्हणाले. "घरात तरी दुसरं काय लाव की." आणि डबा उचलून गेले.

मग रंगारी चाचा आले. ही खोली त्यांनी पूर्वी एकदा पोपटी केली होती, मुलाच्या हट्टापायी. शेडकार्ड त्यांनी माझ्या हातातून काढूनच घेतलं. "वैनी, कार्ड टिचभर, भिंत केवढी! कार्डावर ठरवू नका." भिंतीवर त्यांनी परातीएवढे दोन पट्टे मारले, एक निळसर करडा, एक केशरी झाकेचा बदामी. "आता दोन दिवस हिथंच बसून च्या प्या. सकाळी, चारला आनि दिवा लावल्यावर. खोलीत माणूस ज्या वक्ताला असतंय, त्या वक्ताला बरा दिसंल त्यो आपला रंग."

मी सांगितलेलं जरा जास्तच ऐकते. दोन दिवसांत नऊ कप चहा प्याले. रंग ठरला नाही, पित्त मात्र झालं. चार वाजता पश्चिमेचं ऊन आत आलं की बदामी पट्टा तव्यासारखा तापलेला दिसे, आणि निळ्याकडे बघून माठाला गाल लावल्यासारखं वाटे. सात वाजता ट्यूब लावली की सगळं उलटं. निळा लांब लांब जायचा. दवाखान्याबाहेर नंबर लावून बसल्यासारखं वाटायचं. बदामी मात्र सरकत जवळ यायचा, शेजारी कुणीतरी येऊन टेकावं तसा.

तिसऱ्या दिवशी चाचांनी विचारलं, "मग? कोन असतंय खोलीत, कवा?"

"पोरं येणार की आठवडाभर. निळाच लावा."

"पोरं आठवडाभर. आनि बाकीचं वरीस?"

"चाचा, तुम्ही डबा उघडा."

संध्याकाळपर्यंत दारासमोरची एक भिंत निळी झाली. चाचा गेले आणि मुलाचा फोन आला. "आई, आठवडा काय जमत नाही गं. इकडं काम लय वाढलंय. दिवाळीला बघू."

"बरं बाळा. काम महत्त्वाचं," मी म्हणाले. इतकी शहाणी मी फक्त फोनवर असते. नंतर कितीतरी वेळ तिथल्याच रंगाच्या डब्यावर बसून राहिले. उठले तेव्हा साडीला मागे निळं गोल कडं उमटलेलं.

सात वाजता चहा घेऊन पुन्हा तिथेच बसले. सुनेचं अगदी खरं होतं. थंड रंगानं खोली मोठी दिसते. इतकी मोठी, की साखर ढवळताना चमच्याचा आवाज भिंतीवर जाऊन परत आला. खोलीत कोण असतं आणि कधी, याचं उत्तर मला पहिल्याच कपाला माहीत होतं. फक्त ते चाचांना सांगायची लाज वाटत होती.

सकाळी चाचांना म्हटलं, "उरलेल्या तिन्ही भिंती बदामी करा."

त्यांनी ब्रश झटकत एवढंच विचारलं, "ह्यो निळा?"

"तो राहू दे. तेवढा पोरांचा."

पुढच्या बुधवारी सातला मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मी निळ्या भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसले.

"अय्या आई, काय भारी दिसतंय!" सून ओरडली. "मी म्हटलं होतं ना, कूलच घ्या?"

"म्हणाली होतीस बाई."

"बाकीच्या भिंती दाखव की," मुलगा म्हणाला.

माझ्यासमोर तिन्ही बाजूंनी बदामी रंग अगदी जवळ येऊन उभा होता. फोन नुसता वळवायचा होता.

"फोनात रंग खरा दिसत नाही रे," मी म्हणाले. "येऊन बघ की."

मग तो म्हणाला, "येतो की."

कधी, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. फोन ठेवून उरलेला चहा संपवला आणि खुर्ची बदामी भिंतीजवळ ओढून घेतली.