दीवचा समुद्र आणि माझी हिरवी बादली

माझा उजवा गुडघा डॉक्टरांनी बदलला, तेव्हापासून माझा मुलगा शरद त्या गुडघ्याचा मालक झाला आहे. जिना चढायचा तर त्याला विचारा, इथे इंदुरातच लालबागच्या मेळ्यात जायचं तर त्याला विचारा! मागच्या थंडीत तो म्हणाला, "आई, गाडीने दीवला जाऊ." मी एकच विचारलं, "समुद्रात पाय बुडवू देशील?"

"अजिबात नाही. खडक आहेत तिथे. बेटाचा रस्ता सगळा समुद्राकाठून जातो. गाडीत बसून बघ ना आरामात!"

बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी, हे मला चौथीत शिकवलं होतं. (पाचवीत काय शिकवतात ते ठाऊक नाही, गेलेच नाही.) उभा जन्म इंदूरच्या मल्हारगंजात गेला, समुद्र कधी बघितला नव्हता. म्हटलं, चार बाजू आहेत, एका तरी बाजूला याची नजर चुकेलच!

निघताना सुनेने, सुनंदाने, सेव आणि पोह्यांवर भुरभुरायचं जिरावन घेतलं. मी ओल्या कचऱ्याची झाकणवाली हिरवी बादली घेतली. हसू नका. स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या इंदूरच्या माणसाला ओला-सुका कचरा एकत्र टाक म्हणणं म्हणजे देव्हाऱ्यात चपला ठेव म्हणण्यासारखं आहे. सुका कचरा डिकीत गेला, ओला माझ्या पायाशी. वाटेतली केळ्यांची सालं, पिळलेली लिंबं, उरलेले पोहे, सगळं त्यात.

दीवला पोचेपर्यंत बादलीने गाडीचा ताबा घेतला होता.

"आई, टाका ना हो ती आता!" सुनंदा नाकाला ओढणी लावून म्हणाली. "ते बघा पिंप."

"एकच पिंप आहे. ओलं-सुकं एकत्र? मी नाही टाकणार."

"अगं, इथे कोण बघतंय?" शरद वैतागला.

"मी बघतेय ना!"

रस्ता फार सुंदर होता म्हणतात. एकीकडे ताडासारखी झाडं, दुसरीकडे काळे, कातरलेले खडक आणि त्यांवर फुटणाऱ्या लाटा. समुद्र सुनंदाच्या बाजूला होता. तिचं डोकं आणि तिचा फोन यांच्या फटीतून मला अधूनमधून काहीतरी निळं दिसायचं. गाडी थांबली की ती दोघं उतरून फोटो काढायची. गाडीत मी आणि बादली!

आणि एका वळणावर, खडकांच्या खाली, वाळूपाशी, मला दोन पिंपं दिसली. एक हिरवं, एक निळं!

"शरद, थांब! कचरा टाकून येते."

"दे, मी टाकतो."

"कचरा माझा आहे!"

इंदूरचा माणूस दुसऱ्या कुणालाही अडवील, कचरा टाकायला निघालेल्या बाईला अडवणार नाही. शरदचा हात दाराच्या हँडलवरच राहिला.

एका हातात काठी, दुसऱ्या हातात बादली घेऊन मी उतरले. पिंपं उजवीकडे होती. मी वळले डावीकडे. आधी पाय, मग कचरा! चपला काढल्या आणि सरळ पाण्यात जाऊन उभी राहिले.

"आई! आई, गुडघा!" वरून आरोळी आली.

"गप रे!" असं ओरडायला मी मागे वळले, आणि पाठीमागून लाट आली. गुडघा जागचा हलला नाही. (पैसे वसूल!) बादली मात्र गेली. झाकण एकीकडे, सालं चहूकडे.

"ओ माताजी!" खडकावरून एक गृहस्थ ओरडले. "ऊपर एमपी झिरो नाइन गाडी आपकी है ना? अरे हम भी इंदौर के हैं! समंदर में कचरा? नाक कटवा दी यार!"

त्यापेक्षा बुडले असते तर बरं!

"शरद, सालं पकड!"

शरद इस्त्रीच्या पँटसकट पाण्यात धावला. सुनंदाने ओढणी पसरून पोहे गाळायला घेतले. मी काठीने बादली ओढत होते. लाट एक साल आणून द्यायची आणि दोन घेऊन जायची. "भिया, वो नींबू! उधर, उधर!" असं शरदला ओरडून सांगता सांगता त्या गृहस्थांनाही राहवेना, तेही पँट दुमडून उतरले. सगळं सापडलं. एक लिंबू तेवढं अरबस्तानाकडे निघून गेलं.

हिरव्या पिंपात बादली रिकामी केली, तेव्हा शरदच्या खिशातला फोन बंद पडलेला होता.

"भिजवलास ना गुडघा?"

"भिजवला. उद्या पुन्हा भिजवीन. काय करशील?"

तो फोन उलटा धरून पाणी झटकायला लागला. मी मान ताठ करून गाडीत जाऊन बसले. जिंकले होते!

घरी आल्यावर पलीकडे छत्रीबागेत राहणारी माझी धाकटी बहीण भेटायला आली. तिनेही समुद्र बघितलेला नाही.

"अक्का, सांग ना, कसा दिसतो गं?"

मी सांगायला गेले, आणि तेव्हा कुठे कळलं. जन्मभर वाट बघितली, पोराशी भांडले, लाटांमध्ये इतका वेळ उभी राहिले, आणि मान वर करून एकदाही बघितलं नव्हतं! सगळं लक्ष सालांवर!

पण हार मानेन तर ना.

"स्वच्छ आहे," मी म्हटलं. "मी स्वतः केलाय."