सरांची शिवकन्या

झरीच्या शिवकन्याला मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी आणली, तेव्हा ती कुणाशी न भांडता दोन लुगडी घेऊन सेलूला आली. गावाबाहेर सिस्टर रेमेडियांचा छोटा आश्रम होता. टाकलेली, आजारी, कुणी नसलेली सात-आठ माणसं तिथं असत. शिवकन्या स्वयंपाकाला लागली आणि हळूहळू त्या माणसांचं न्हाणंधुणंही तिच्याकडे आलं.

पोखर्णीच्या मंदिरातून एका म्हाताऱ्याला आणलं, त्या दिवशी तिनंच त्याला रिक्षातून उतरवलं. सकाळपासून तो मंडपात बसून होता. संध्याकाळ झाली तरी न्यायला कुणी येईना, म्हणून तिथल्या पुजाऱ्यानं पोलिसांना कळवलं होतं. पोलिसांनी नोंद केली अन् त्याला आश्रमात पाठवलं. अंगात पांढरा सदरा, गळ्यात जानवं. नाव विचारलं की तो फक्त म्हणे, "श्रीनिधी आला का?"

पहिल्या दिवशी आंघोळ घालताना शिवकन्याचा हात जानव्याशी अडखळला. ती सिस्टरांकडे गेली.

"मला हात लावता येतो का त्याला? त्यास्नी चालंल का?"

सिस्टर वसईच्या. कपडे वाळत घालता घालता त्या म्हणाल्या, "त्यांनाच विचार ना. त्यांना कळणार नाही असं धरून चालू नकोस."

शिवकन्यानं विचारलं. म्हाताऱ्यानं आपल्या हातानं जानवं उचलून कानावर ठेवलं आणि डोकं पुढं केलं.

पुढं मोंढ्यातला व्यापारी बालाजी ज्वारी द्यायला आला. त्यानं म्हाताऱ्याला पाहिलं आणि पोतं तिथंच टाकून पाय धरले. "अहो, हे आमचे व्यंकटराव सर! परभणीला गणित शिकवायचे आम्हाला." त्यानंच मुलाचा, श्रीनिधीचा, फोन नंबर मिळवून दिला.

तेव्हापासून आश्रमात सगळे त्यांना सर म्हणू लागले. शिवकन्या त्यांच्यासाठी बिनकांद्याचं वरण वेगळं काढायची, दिवसाआड दाढी करायची. सर कधी तिला आई म्हणत, कधी बाई म्हणत, कधी ताट लोटून देत. एकदा त्यांनी तिला जोरात चापट मारली. त्या दिवशी ती रडली.

"सिस्टर, मी कोण हाय तेसुदिक त्यास्नी ठावं न्हाई. मग कायला करायलो आपण?"

सिस्टर तिच्याजवळ चुलीपाशी बसल्या. "देवानं माणूस आपल्यासारखा घडवला, असं आमचा ग्रंथ सांगतो. शहाणाच तेवढा घडवला, असं नाही सांगत. सर स्वतःला विसरलेत गं. म्हणून तर ते सर आहेत, हे आपण लक्षात ठेवायचं."

"मग त्यास्नी तुमच्या देवाचं कधी सांगत न्हाई तुमी?"

"हे वरण-भात करतो ना आपण, तेच माझं सांगणं."

श्रीनिधीला फोन एकदाचा लागला, त्यानंतर चार-पाच दिवसांनी तो आला. सरकारी कचेरीत नोकरी करणारा, चाळिशीतला, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. सर अंगणात उन्हाला बसले होते. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि आदबीनं विचारलं, "आपण कोणाकडे आलात?"

श्रीनिधी तिथून उठून भिंतीआड गेला. शिवकन्या पाणी घेऊन गेली, तर तो हुंदके देत होता.

"आई गेल्यावर ते असे झाले. निवेदिता, माझी बायको, पार बेजार झाली. दोनदा घरातून निघून गेले, दोनदा मी शोधून आणलं. तिसऱ्यांदा मीच पोखर्णीला नेलं." तो थांबला. "देवळात कुणीतरी बघेल, असं वाटलं."

शिवकन्यानं पाणी त्याच्या हातात दिलं. जाताना तो म्हणाला, "शनिवारी त्यांचे कपडे घेऊन येतो."

तो आला नाही. पुढचे शनिवारही तसेच गेले. सरांना शनिवार माहीत नव्हता, पण शिवकन्याला होता. रस्त्याला गाडी वाजली की तिचे हात कणकेत थांबायचे.

थंडीत सरांना कफ झाला. दवाखान्यातून आणल्यावर ते उठलेच नाहीत. एका सकाळी शिवकन्या चमच्यानं पेज भरवत होती. त्यांनी "आई" म्हटलं, आणि पुढचा घास ओठावरून खाली आला.

श्रीनिधीचा फोन बंद होता. गावात कुजबुज सुरू झाली, आता सिस्टर म्हाताऱ्याला पुरणार म्हणून. सिस्टरांनी बालाजीला बोलावलं. "सर जसे जगले तसेच जातील. गुरुजी बोलवा, काय काय लागतं ते सांगा."

श्रीनिधीची दुपारपर्यंत वाट पाहिली. स्मशानात गुरुजींनी विचारलं, "अग्नी कोण देणार?"

बालाजी खाली बघू लागला. शिवकन्या पुढं झाली. "मी देते."

"नातं काय तुमचं?"

"नातं काई न्हाई. रोज न्हाऊ मी घालायचे त्यास्नी."

गुरुजींनी मडक्यात पाणी भरलं. मग त्यांनी ते तिच्या खांद्यावर दिलं.

तिसऱ्या दिवशी, अस्थी आणून अंगणातल्या लिंबाला बांधल्यावर, श्रीनिधी आला. फाटकातूनच झाडाला बांधलेलं गाठोडं दिसलं अन् त्याला कळलं. शिवकन्या संतापली. ती सिस्टरांना म्हणाली, "त्याला आत घेऊ नका. बापाला देवळात टाकणारा माणूस."

"मलाही राग आलाय," सिस्टर म्हणाल्या. "पण सरांना आत घेतलं, ते काय त्यांचे गुण बघून घेतलं का आपण? त्याच दारातून ह्यालाही घ्यावं लागतं."

शिवकन्या उगाच भांडी आपटत राहिली. मग बाहेर आली. झाडावरचं अस्थींचं गाठोडं सोडून तिनं त्याच्या हातात दिलं.

"शेवटी माझं नाव घेतलं का त्यांनी?" त्यानं विचारलं.

खोटं बोलावं, असं तिला वाटलं. पण तिला ते जमलं नाही. "न्हाई. आईला हाक मारली."

श्रीनिधी गाठोडं छातीशी धरून मातीतच बसला. ती थोडा वेळ उभी राहिली. मग त्याच्या शेजारी, हातभर अंतर सोडून, तीही बसली. आतून कुणा आजारी बाईनं पाण्यासाठी हाक मारली, तेव्हा शिवकन्या उठून आत गेली.