वीरभद्राचे डोळे

महादेवप्पा तसा दुकानदाराच्या घरातला. रेणापूरजवळच्या गावात भावांनी किराणा सांभाळला आणि ह्या गृहस्थानं लाकूड जवळ केलं. देव्हारे, पालख्या, मुखवटे घडवता घडवता साठी ओलांडली. हातात कसब होतं, घाईचं वारं मात्र अंगाला कधी लागलं नाही. सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन तासभर पूजा, मगच पटाशीला हात. देवाचे डोळे सगळ्यात शेवटी कोरायचे, तेही हुकूम झाल्यावर. बेलाचं ओलं पान मुखवट्याच्या कपाळाला लावायचं. उजवीकडे घसरलं तर हुकूम, डावीकडे गेलं तर थांबायचं. उदगीरच्या वस्तादानं त्याला ही रीत शिकवली होती.

देवळातला वीरभद्राचा मुखवटा वाळवीनं खाल्ला, तेव्हा नवा देण्याचा नवस त्याची बायको शिवम्मा बोलली. पौषात तिच्या पोटातला कर्करोग उघड झाला. लातूरच्या डॉक्टरांनी लेकीला, दामिनीला, बाजूला घेऊन तीन महिने सांगितले. शिवम्मानं मग एकच मागणं धरलं, देवाचं तोंड डोळ्यांसकट एकदा बघायचं.

महिन्याभरात मिशा, जटा, कपाळावरचे विभूतीचे पट्टे झाले. डोळ्यांच्या जागी कोरं लाकूड राहिलं. शिवम्माला बाजेवरून दिसावा म्हणून ह्या वेळी बैठकीत भिंतीशी पाटावर मुखवटा मांडून महादेवप्पा रोज पान लावी. रोज ते डावीकडे जाई.

"अहो, कोरा की आता," शिवम्मा बाजेवरून म्हणाली. "देवाला घाई न्हाई. मला हाय."

"हुकूम होऊ दे. तुझं दुखणं ठाव हाय त्याला."

"मग मला किती दिस ऱ्हायलेत ते बी ठाव आसंल."

त्यानं घसरलेलं पान उचललं. तिच्यावर जीव नव्हता असं नाही. पूजेत त्याच्या डोळ्यांना धार लागायची. पण एवढ्या वर्षांत न विचारता कोरलं नव्हतं, आणि तिच्या नवसात तर खोट नको होती.

दामिनी भांडली. "अप्पा, देव काय म्हणायलाय ते ऱ्हाऊ द्या. आई काय म्हणायलीय ते ऐका."

एका सकाळी शिवम्मानं मुखवटा मांडीवर मागून घेतला. मिशांवरून, नाकावरून बोटं फिरवली, कोऱ्या जागेवर थांबली, आणि परत दिला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

रिवाजाप्रमाणे तिचा देह बैठकीत भिंतीला टेकवून बसता करायचा होता. जागा हवी म्हणून कुणीतरी पाट उचलून समोरच्या भिंतीला लावला.

माती देऊन चार दिवस झाल्यावर महादेवप्पानं पान लावलं. उजवीकडे गेलं. त्याला हुंदका फुटला. मग कसलीशी शंका आली म्हणून दुसरं लावलं. तेही उजवीकडे. पाट उचलून जुन्या जागी नेला, पान डावीकडे. पुन्हा समोर आणला, पान उजवीकडे. त्यानं तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं. पाणी सरळ दाराकडे निघालं; जुन्या जागी दार डावीकडे पडायचं, इथून उजवीकडे. पाणी बाहेर जावं म्हणून गवंड्यानं उतार ठेवला होता.

देव काही बोललाच नव्हता. दोन महिने महादेवप्पा फरशीचं ऐकत बसला होता. ओल्यात तसाच बसून तो कपाळ बडवून घेत राहिला.

त्याच दिवशी, कुणाला न विचारता, त्यानं डोळे कोरले. गाव म्हणालं, काय जिवंत उतरलेत, वेळ यावी लागते. त्यानं ऐकून घेतलं. पूजा त्यानं सोडली नाही. देवावर रागावण्याचा हक्क आपल्याला नाही, असंच त्याला वाटे.

श्रावणात देवळात त्याला शेजारची सरजाबाई नव्या मुखवट्यापुढे उभी दिसली. नवऱ्याच्या छातीत रात्रीपासून कळा येत होत्या. लातूरला न्यावं की थांबावं, हे विचारायला तिनं कपाळाला पान लावलं होतं. पान हलायच्या आत महादेवप्पानं ते काढून घेतलं.

"देवाला मी सांगतो," तो म्हणाला. "तू आधी गाडी बोलाव."