निरोगी नमुना

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४, सकाळी साडेसहा. माझ्या साडूने दाराची कडी वाजवली. हातात रिकामी बाटली होती. नातेवाइकांकडे त्यांचे मूत्र मागताना ज्याला कधी संकोच वाटला नाही, असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा निघाला.

जीवरसायनशास्त्राची प्राध्यापकी संपल्यावर त्याने कसबा बावड्यातल्या घराची मागची खोली प्रयोगशाळा केली. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचे आखूड तुकडे. त्याने तयार केलेले तुकडे पाण्यात सुटे फिरत. मूत्रपिंड बिघडल्यावर मूत्रात उतरणारे प्रथिन भेटले, की आपोआप एकमेकांना बिलगून त्यांचे धागे होत आणि निळ्या दिव्याखाली हिरवे चमकत. "बोलवाय नको, मानपान नको, आपापले गोळा होत्यात," असे तो कौतुकाने सांगे. भाऊबंदांत असे कधी न घडल्यामुळे त्याला त्याचे अप्रूप असावे. हातकणंगल्याच्या एका लग्नात तो हात धुण्याच्या नळापाशी बाटल्या मांडून बसला. नवरीचा मामा म्हणाला, "पावणं, लोकं आहेर मागत्यात, तुमी हे काय मागाय लागलाय?" साडूने शांतपणे उत्तर दिले, "आहेर परत करावा लागतोय. ह्याचं तसं न्हाय." नमुने घरच्याच फ्रिजमध्ये राहत. मेव्हणी म्हणे, "आमच्यात सरबत दिलं की पावणं आदी वास घेत्यात." मी मात्र त्याला बाटली कधी भरून दिली नाही. काही गोष्टी माणसाने स्वतःपाशी ठेवाव्यात.

उन्हाळ्यापासून त्याचे काम बिघडले होते. प्रत्येक नमुना तो एका निरोगी नमुन्याशी ताडून पाही, आणि आता तो निरोगी नमुनाच चमकू लागला होता. त्याने पाणी बदलले, काचेची भांडी बदलली, पेप्टाइड पुन्हा पुन्हा नव्याने केले. त्या सकाळी तो माझ्या ओट्यावर बसला तेव्हा खांदे उतरलेले होते. "सगळं वाया गेलं म्हणायचं. येकदा तुमची द्या, मग बंद करतो."

मी दिली.

बावड्याला त्याने दोन नळ्या दिव्याखाली धरल्या. माझी काळोखी राहिली. शेजारची हिरवी चमकली.

"ही कोणाची?" मी विचारले.

"निरोगी. माझीच की. मला कधी ताप तरी आलाय व्हय?"

मग त्याने नळ्यांच्या जागा बदलून त्या पुन्हा दिव्याखाली धरल्या.

"म्हंजे पेप्टाइड बरोबर हाय," तो म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा उजळला. "बिचारी खरं सांगत हुती. मीच खोटं पाडत हुतो."

"आणि तुम्ही?"

"माझंबी कळलंच की."

मी शाहूपुरीतल्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि बरोबर गेलो. तपासणीत मूत्रपिंडाचेच निघाले. औषध सुरू करण्याइतक्या वेळेत कळले, एवढे डॉक्टर म्हणाले. परतताना तो रिक्षात डोळे मिटून बसला होता.

घरी आल्यावर तो कपडेही न बदलता मागच्या खोलीत गेला. "उद्यापासनं सकाळी तुमची लागंल," म्हणाला. मी बरे म्हणालो. त्याने स्वतःच्या बाटलीवरची 'निरोगी' ही चिठ्ठी नखाने सोडवली, माझ्या बाटलीवर चिकटवून अंगठ्याने दाबली, आणि बाटली फ्रिजमध्ये सरबताच्या मागे ठेवली.